क्लब एम : मॉरिशसच्या फुटबॉलची गोष्ट

3 सप्टेंबर 2024 रोजी हैदराबादच्या गचीबावली स्टेडियमवर भारत आणि मॉरिशस यांचा सामना 0-0 असा बरोबरीत सुटला. फिफाच्या क्रमवारीत भारत तेव्हा 124वा होता आणि मॉरिशस 179वा. भारताचे नवे प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांचा हा पहिलाच सामना, तोही घरच्या मैदानावर. आपल्याकडच्या फुटबॉलवेड्यांनी कपाळावर हात मारून घेतला तो भारताच्या नावाने. समोर कोण खेळले, हे विचारायच्या फंदात फारसे कोणी पडले नाही. त्याआधी 2017च्या ऑगस्टमध्ये अंधेरीच्या क्रीडासंकुलातही असेच घडले होते. तिरंगी स्पर्धेतल्या त्या सामन्यात मर्विन जोसलिनने पंधराव्या मिनिटालाच मॉरिशससाठी गोल केला आणि यजमानांच्या तोंडचे पाणी पळवले. पुढे रॉबिन सिंग आणि बलवंत सिंग यांनी एकेक गोल करून भारताला 2-1 असे सोडवले, आणि मॉरिशस पुन्हा विस्मरणात गेले.

मराठी माणसाच्या मनात मॉरिशसची जी चित्रे आहेत, त्यांत फुटबॉल बसत नाही. मधुचंद्राच्या जाहिरातींतला निळा समुद्र, करसवलतीमुळे तिथून फिरून येणारा पैसा, आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी देणारा परदेश, एवढीच आपली ओळख. कोकणातून मुंबई बंदरामार्गे उसाच्या मळ्यांत मजुरीला गेलेल्यांचे वंशज तिथे आजही मराठी म्हणवून घेतात. लोकसंख्येत त्यांचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास. शाळांतून मराठी शिकवली जाते, गावोगावी मंडळे आहेत. पण या देशाला समजून घ्यायचे असेल तर मंडळांपेक्षा फुटबॉलच्या मैदानाकडे पाहणे अधिक उपयोगाचे, असे माझे मत आहे. संसदेत जे झाकून बोलले जायचे ते तिथे उघड ओरडले जायचे.

आधी माणसे. मॉरिशसला मूळ रहिवासी असे कोणी नाहीतच. सतराव्या शतकात डच आले, डोडो पक्षी संपवून गेले. 1715 साली फ्रेंचांनी ताबा घेतला, आफ्रिका आणि मादागास्करमधून गुलाम आणले. 1810 साली इंग्रजांनी बेट जिंकले, पण जमीन, साखर कारखाने, कायदा आणि भाषा यांबाबत फ्रेंच जमीनदारांना फारसा धक्का लावला नाही. 1835 साली गुलामी संपली. त्याच सुमारास भारतातून गिरमिटिये यायला लागले, आणि पुढच्या साताठ दशकांत कलकत्ता, मद्रास व मुंबई या बंदरांतून साडेचार लाखांच्या घरात माणसे पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. चिनी व्यापारी आले, गुजराती मुसलमान व्यापारी आले. जेमतेम दोन हजार चौरस किलोमीटरच्या, म्हणजे एखाद्या मोठ्या तालुक्याएवढ्या जागेत हे सगळे एकमेकांना खेटून राहू लागले. एकमेकांत मिसळले मात्र बेताबेतानेच.

क्लबही तसेच निघाले. गोऱ्या फ्रेंच घराण्यांचा डोडो क्लब. मिश्रवंशीय, शिकल्यासवरल्या वर्गाचा रेसिंग क्लब. क्रिओल म्हणजे आफ्रिकी वंशाच्या कष्टकऱ्यांचा लाडका फायर ब्रिगेड. हिंदूंचा हिंदू कॅडेट्स, तमिळांचा तमिळ कॅडेट्स, मुसलमानांचा मुस्लिम स्काउट्स, चिन्यांचा ड्रॅगन्स. या यादीत मराठी नाव नाही, याचे नवल वाटायला नको. संख्येने एवढ्या लहान समाजाला अकरा खेळाडू कदाचित मिळतीलही, पण दर रविवारी उन्हातान्हात ओरडणारे हजारो लोक कुठून आणायचे?

आज हे वाचताना आपण नाक मुरडतो. पण क्लबांची ही रचना चालायची कशी, ते पाहिले की तिचे बळ कळते. क्लबाला पैसे पुरवायचे ते समाजातले व्यापारी. पोरे यायची ती वस्तीतून, नातलगांच्या ओळखीने. मोठा भाऊ खेळला म्हणून धाकटा खेळायचा. सामन्याच्या दिवशी गाड्या भरभरून माणसे निघायची, आणि हरल्याचे दुःख आठवडाभर पुरायचे. प्रशिक्षणाची आधुनिक सोय नव्हती, पगार नव्हता, तरी खेळ जिवंत होता, कारण त्याच्यामागे कोणाची तरी अब्रू पणाला लागलेली असायची. मोठे सामने व्हायचे ते क्युरपिपच्या जॉर्ज पंचम मैदानावर. क्युरपिप हे बेटाच्या मधल्या पठारावरचे गाव, थंड, धुक्याचे, वर्षातला बराच काळ पावसात भिजणारे. 1860च्या दशकात किनाऱ्यावर मलेरियाची भयंकर साथ आली तेव्हा ऐपतदार फ्रेंच कुटुंबे पोर्ट लुई सोडून तिकडे चढून गेली. त्यांच्या त्या गारेगार गावात दर आठवड्याला बाकीचे मॉरिशस येऊन एकमेकांना आव्हान द्यायचे.

या सगळ्यांतून एक संघ निवडायचा तो शेजाऱ्यांशी खेळायला. 1947 साली मॉरिशस, रियुनियन आणि मादागास्कर यांच्यातली त्रिकोणी स्पर्धा सुरू झाली. मॉरिशसने आपला पहिला सामना रियुनियनविरुद्ध 2-1 असा जिंकला. त्या काळात मॉरिशसचे पारडे इतके जड असायचे की 1950 साली त्याच रियुनियनला त्यांनी 15-2 असे धुऊन काढले. हा त्यांचा आजवरचा सर्वांत मोठा विजय. रियुनियन हा फ्रान्सचाच एक प्रांत आहे, त्यामुळे तो फिफाचा सदस्य कधीच नव्हता आणि नाही. त्याच्या गुणी पोरांना पुढे फ्रान्सची निळी जर्सी खुणावते. मॉरिशसने मात्र 1960च्या दशकात आफ्रिकी महासंघ आणि फिफा या दोन्हींत प्रवेश मिळवला. म्हणजे स्वतंत्र देश होण्याआधी स्वतंत्र संघ झाला.

आणि देश झाला तो रडतखडतच. 1967च्या निवडणुकीत प्रश्न सरळ होता : स्वातंत्र्य हवे की ब्रिटनशी जोडून राहायचे? सर शिवसागर रामगुलाम यांची आघाडी जिंकली, पण गायताँ द्युव्हाल यांच्या स्वातंत्र्यविरोधी पक्षाला तब्बल 44 टक्के मते पडली. हिंदू बहुसंख्येच्या राज्यात आपले काय होणार, ही क्रिओल, गोरे आणि इतर अल्पसंख्याकांची धास्ती त्या आकड्यात होती. 1968च्या जानेवारीत पोर्ट लुईच्या वस्त्यांत क्रिओल आणि मुसलमान टोळ्यांच्या दंगली पेटल्या. त्या शमवायला ब्रिटिश सैनिक विमानाने आणावे लागले. दोनच महिन्यांनी, 12 मार्चला, लाल, निळा, पिवळा आणि हिरवा असा चौपट्टी झेंडा वर चढला, तेव्हा जवळपास निम्म्या देशाने तो मागितलेला नव्हता.

असा झेंडा छातीवर लावून खेळणाऱ्या संघाकडून काय अपेक्षा असतील? 1974 साली तो संघ इजिप्तमध्ये आफ्रिकी राष्ट्र चषकाच्या मुख्य स्पर्धेत पोहोचला. आठच संघांची स्पर्धा होती ती. आजच्यासारखी चोवीस संघांची जत्रा नव्हे. सहावा स्वातंत्र्यदिन तोंडावर आलेला. गटात झैरे, काँगो आणि गिनी, म्हणजे त्या वेळच्या आफ्रिकेतले बलदंड. मॉरिशस काँगोकडून 0-2, गिनीकडून 1-2 आणि झैरेकडून 1-4 असा हरला. कागदावर तीन सामने, तीन पराभव. पण प्रतिस्पर्धी कोण होते ते पाहावे. काँगो हा आधीच्या, 1972च्या स्पर्धेचा विजेता. झैरेने ही स्पर्धा जिंकली. त्यांच्या एन्दाये मुलांबाने एकाच स्पर्धेत नऊ गोल केले, आणि त्याच वर्षी सहारापलीकडच्या आफ्रिकेतून विश्वचषकात उतरलेला पहिला संघ म्हणून झैरे पश्चिम जर्मनीत गेला. गिनीकडून एका गोलाने हरणे हे त्या छोट्या बेटासाठी कमी नव्हते. त्यानंतर आजपर्यंत मॉरिशस या मुख्य स्पर्धेत पुन्हा पोहोचलेला नाही.

घरी मात्र रविवारचे हिशोब तसेच चालू होते. एकाच जर्सीत इजिप्तला जाऊन आलेले खेळाडू परतल्यावर पुन्हा आपापल्या समाजाच्या क्लबात. 1982च्या निवडणुकीत डाव्यांच्या आघाडीने मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा जिंकल्या. त्यांची घोषणा होती ती एकच लोक, एकच राष्ट्र अशी. त्या दशकात सरकारी दट्ट्यामुळे क्लबांची धर्मवाचक नावे गेली. हिंदू कॅडेट्सचा नुसता कॅडेट्स झाला, मुस्लिम स्काउट्सचा नुसता स्काउट्स, तमिळ कॅडेट्सचा सनराइज. पाटी बदलली, गिऱ्हाईक तेच. गॅलरीत कोण कुठे बसायचे हे कोणाला सांगावे लागत नव्हते.

याच काळात एकदा, थोड्या दिवसांपुरते, वेगळे काही घडले. हिंदी महासागरातल्या बेटांचे स्वतःचे एक छोटे ऑलिंपिक असते. दुसऱ्या खेपेला, 1985 साली, ते मॉरिशसमध्ये भरले आणि फुटबॉलचे सुवर्णपदक यजमानांनी पटकावले. या खेळांत मॉरिशसच्या पथकाला क्लब एम म्हणतात, आणि फुटबॉल संघालाही तेच नाव चिकटले. मला हे नाव अर्थपूर्ण वाटते : सगळ्या क्लबांवरचा एक क्लब. 1985ची आठवण तिथली जुनी माणसे अजून काढतात. समोर रियुनियन किंवा मादागास्कर असले की फायर ब्रिगेडवाला आणि स्काउट्सवाला एकाच बाजूने ओरडू शकत होते. शत्रू परका असला की हे सोपे जाते. अडचण उरलेल्या वर्षांची होती.

1999 हे ते वर्ष. फेब्रुवारीत काया या लोकप्रिय क्रिओल गायकाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला. काया म्हणजे जोसेफ रेजिनाल्ड तोपिझ. बेटावरचा सेगा आणि जमैकाचा रेगे एकत्र करून त्याने सेगे नावाचा संगीतप्रकार घडवला होता. गांजा गुन्हेगारीच्या यादीतून काढा अशी मागणी करणाऱ्या एका जाहीर मैफलीत त्याने गांजा ओढला म्हणून त्याला पकडले, आणि 21 तारखेला तो कोठडीत मृतावस्थेत सापडला. क्रिओल वस्त्या पेटून उठल्या. पोलीस ठाणी जाळली गेली, आणि चार दिवसांच्या हाणामारीत पोलिसांविरुद्धच्या संतापाला क्रिओल विरुद्ध हिंदू असे वळणही लागले. देश हादरून गेला. आपण इंद्रधनुष्यी राष्ट्र आहोत असे पर्यटकांना सांगणाऱ्या सरकारची जीभ काही दिवस तरी अडखळली असणार.

ती राख निवते न निवते तोच 23 मे उजाडला. अजिंक्यपदाचा निर्णायक सामना, फायर ब्रिगेड विरुद्ध स्काउट्स. म्हणजे क्रिओल विरुद्ध मुसलमान, असे कोणी छापत नव्हते आणि सगळ्यांना ठाऊक होते. मैदान बेल व्ह्यूचे अंजलै स्टेडियम. या स्टेडियमच्या नावाची गोष्ट इथेच सांगायला हवी. 1943 साली बेल व्ह्यूच्या साखरमळ्यावर मजुरांनी संप केला, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात चौघे मेले. त्यांत अंजलै कुप्पन ही गरोदर मजूर स्त्री होती. तिचे नाव या स्टेडियमला दिले गेले. कष्टकऱ्यांच्या एकजुटीचे स्मारक म्हणून ज्या मैदानाकडे पाहावे, तिथेच कष्टकऱ्यांचे दोन जमाव एकमेकांसमोर आले.

फायर ब्रिगेडने सामना 1-0 असा जिंकला, गोल पेनल्टीवरचा. पेनल्टीवरून वाद होणे जगात सगळीकडेच चालते. पण इथे पंचाच्या शिटीत आपल्या समाजावरचा अन्याय ऐकू येणारे हजारो कान होते. स्काउट्सच्या पाठीराख्यांतल्या एका गटाने स्टेडियमची मोडतोड केली, तिथून निघालेल्या टोळक्यांनी वाटेत उसाचे मळे पेटवले. रात्री पोर्ट लुईमध्ये, चायनाटाउनमधल्या लामिकाल नावाच्या जुगारघराला आग लावली गेली. आत अडकलेली सात माणसे मेली. त्यांचा त्या सामन्याशी काहीही संबंध नव्हता. पुढे चौघांना जन्मठेप झाली आणि त्या निकालावर मॉरिशसमध्ये वर्षानुवर्षे वाद चालू राहिला.

सरकारने क्लब फुटबॉलला टाळे ठोकले. दीड वर्षाच्या आसपास राष्ट्रीय लीगच नव्हती. ती पुन्हा सुरू झाली तेव्हा जुने क्लब गायब झाले होते. फायर ब्रिगेड नाही, स्काउट्स नाही, कॅडेट्स नाही. त्यांच्या जागी प्रत्येक प्रदेशाला, शहराला नेमून दिलेले नवे संघ आले. त्यांतला एक राजधानीचा संघ तर आपल्या नावातच जन्मवर्ष घेऊन वावरतो : पोर्ट लुई 2000. चाहत्यांनी आता जात-धर्म सोडून आपल्या जिल्ह्यावर प्रेम करावे, असा तो हुकूम होता.

सात जळालेल्या माणसांसमोर सरकारला दुसरा मार्ग होता का? मला वाटते, तत्काळ तरी नव्हता. पण प्रेम हुकमाने जडत नाही, आणि तेही तीन तासांत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाता येणाऱ्या बेटावर, जिथे जिल्ह्याचा अभिमान ही कल्पनाच दुबळी. गॅलऱ्या रिकाम्या झाल्या. जे क्लब समाजाच्या खिशावर जगत होते त्यांच्या जागी सरकारी अनुदानावर जगणारे क्लब आले, आणि वस्तीतल्या पोराला मैदानाकडे ओढणारी जुनी दोरी तुटली.

मुंबईकरांना हा पेच अनोळखी वाटू नये. आपल्याकडे 1892 पासून युरोपियन आणि पारशी यांच्यात क्रिकेट सामने होत. 1907 साली त्यात हिंदू आले, 1912 साली मुसलमान, 1937 साली उरलेल्यांचा, म्हणजे ख्रिस्ती वगैरेंचा, संघ. या पंचरंगी स्पर्धेला जी गर्दी लोटायची ती नव्या रणजी करंडकाला मिळत नसे. सांगलीचे विजय हजारे ख्रिस्ती म्हणून ‘उरलेल्यां’कडून खेळायचे, आणि 1943च्या अंतिम सामन्यात हिंदूंविरुद्ध संघाच्या 387 धावांपैकी 309 त्यांनी एकट्याने केल्या. महात्मा गांधींसह अनेकांनी या धर्मवार क्रिकेटला विरोध केला आणि 1946 नंतर ते कायमचे बंद झाले. तरी मुंबईचे क्रिकेट मेले नाही. कारण पंचरंगी स्पर्धा हा वरचा मजला होता. तळाशी शिवाजी पार्क, दादर युनियन असे मोहल्ल्यांचे क्लब होते, ऑफिसांचे संघ होते, 1948 पासून कांगा लीग आली. मुंबईकराला प्रेम करायला दुसरे काहीतरी आधीपासून तयार होते. मॉरिशसमध्ये धर्मवार क्लब हाच तळ होता. तो उखडला तेव्हा वरचे सगळे हलले.

विरोधाभास असा की ज्या सरकारने क्लबांच्या अंगावरून समाज पुसून काढला, त्याने तो संसदेत जपून ठेवला. मॉरिशसच्या राज्यघटनेनुसार निवडणुकीत पडलेल्यांपैकी आठ उमेदवारांना जादा जागा देता येतात, आणि त्या समाजांचा तोल सावरण्यासाठी असतात. त्यासाठी माणसांची चार खात्यांत विभागणी केलेली आहे : हिंदू, मुसलमान, चिनी आणि ‘सर्वसाधारण लोक’, ज्यांत क्रिओल आणि गोरे दोघेही येतात. आपले मराठी लोक अर्थातच हिंदू या खात्यात. ही विभागणी 1972च्या जनगणनेवर बेतलेली, कारण त्यानंतर जनगणनेत समाज विचारणेच बंद झाले. म्हणजे फुटबॉल खेळणाऱ्याने आपण कोण हे विसरावे, निवडणूक लढवणाऱ्याने मात्र ते अर्जावर लिहावे. स्टेडियममधून हाकललेली गोष्ट सभागृहात खुर्ची मांडून बसली होती.

राष्ट्रीय संघाचे पुढे काय झाले? आरंभी तर वाटले की औषध लागू पडले. 2003 साली बेटांचे खेळ पुन्हा मॉरिशसमध्ये भरले, आणि पुन्हा क्लब एमने फुटबॉलचे सुवर्ण जिंकले, अंतिम सामन्यात रियुनियनला हरवून. दंगलींना चारच वर्षे झाली होती. मोटारींवर, खिडक्यांवर चौपट्टी झेंडे दिसू लागले. स्वातंत्र्याच्या वेळी जो झेंडा निम्म्यांना नको होता तो आता सगळेच विकत घेत होते. राजकारण्यांनी त्यावर भरपूर भाषणे केली. पण त्याच वर्षी आफ्रिकी पात्रता फेरीत इजिप्तने मॉरिशसला 7-0 असे चिरडले. शेजारच्या बेटांना हरवणे आणि आफ्रिकेशी टक्कर देणे यांतले अंतर त्या आकड्याने दाखवले. 2010 साली सेनेगलने तर घरी येऊन 7-0 हरवले. पुढच्याच वर्षी विश्वचषकाच्या पात्रता फेरीत लायबेरियाशी सामना ठरला होता. मॉरिशसने खेळायच्या आधीच माघार घेतली.

मधूनच ठिणगी उडते. 2016च्या मार्चमध्ये रवांडाला 1-0 हरवले. तीन दिवसांनी परतीच्या सामन्यात त्याच रवांडाकडून 0-5 मार खाल्ला. खेळाडू गुणी आहेत, पण सातत्य ही रोजच्या कसदार लीगमधून येणारी गोष्ट आहे, आणि रोजची लीग रिकाम्या खुर्च्यांसमोर चालते. खेळाडू नोकरी सांभाळून खेळतात. चांगला क्लब नसेल तर चांगला खेळाडू बेट सोडतो, नाहीतर खेळ सोडतो.

मग मॉरिशसचे फुटबॉलप्रेम आटले का? मुळीच नाही. ते टीव्हीत गेले. इंग्लिश प्रीमियर लीगचे सामने तिथे संध्याकाळच्या सोयीच्या वेळी दिसतात, आणि गावागावांत मँचेस्टर युनायटेड आणि लिव्हरपूल अशी उभी फूट आहे. घरांवर झेंडे, टॅक्सीत स्कार्फ, पानपट्टीवरच्यासारखे वाद. टिम एडेन्सर यांच्यासारख्या अभ्यासकांनी मॉरिशसच्या फुटबॉलवर लिहिताना या इंग्लंडवेडाकडे लक्ष वेधले आहे. त्यातली गंमत उघड आहे. लिव्हरपूल हा कोणत्याही समाजाचा नाही, म्हणून तो सगळ्यांना परवडतो. हिंदू घरातला पोर आणि क्रिओल घरातला पोर एकाच लाल शर्टात एकाच गोलावर उड्या मारू शकतात, आणि हरले तर जळते ते फक्त मन. राष्ट्रीय संघाने जे करायचे होते ते काम सुमारे दहा हजार किलोमीटरवरचा क्लब फुकटात करतो आहे. मध्यंतरी मॉरिशसच्या सरकारी विकास मंडळाने याच लिव्हरपूलशी जाहिरातीचा करार केला. हा व्यवहारी शहाणपणा असेल. घरच्या लीगला त्यातून काय मिळाले, हा वेगळा प्रश्न.

शेजारी दरम्यान पुढे निघून गेले. 1947च्या त्रिकोणातला मादागास्कर 2019 साली प्रथमच आफ्रिकी चषकात खेळला, गटात नायजेरियाला 2-0 हरवले, बाद फेरीत काँगो लोकशाही प्रजासत्ताकाला, म्हणजे 1974च्या त्या झैरेलाच, पेनल्टींवर घरी पाठवले आणि उपांत्यपूर्व फेरी गाठली. कोमोरोस हा तर फिफात 2005 साली आलेला नवशिका. 2022च्या जानेवारीत त्याने घानाला 3-2 असे स्पर्धेबाहेर ढकलले आणि पुढच्या सामन्यात, सगळे गोलरक्षक दुखापत आणि कोविडमुळे बाद झाल्यावर, शाकेर अलहादूर या बचावपटूला गोलात उभे करून यजमान कॅमेरूनला 1-2 पर्यंत झुंजवले. कोमोरोसची युक्ती सोपी होती. फ्रान्समध्ये, विशेषतः मार्सेयमध्ये, स्थायिक झालेल्या कुटुंबांतली, फ्रेंच अकादमींत तयार झालेली पोरे त्यांनी हुडकून काढली.

मॉरिशसनेही हा मार्ग चोखाळून पाहिला. पॅरिसमध्ये जन्मलेला, पुढे इंग्लंडात इप्सविचकडून खेळलेला केव्हिन ब्रू मॉरिशसची जर्सी घालून उतरला. फ्रान्समध्येच जन्मलेला, लोरियाँसारख्या क्लबांतून खेळलेला बचावपटू लिंडसे रोझही आला. पण दोन-चार पाहुण्यांनी संघ उभा राहत नाही. मॉरिशसमधून परदेशी गेलेले लोक शिकून वकील, डॉक्टर, परिचारिका, हिशेबनीस होतात. त्यांच्या घरांत फुटबॉलपटू होणे हे स्वप्न नसते. मार्सेयच्या कामगार वस्तीतल्या कोमोरी पोराला जे खुणावते ते लंडनच्या उपनगरातल्या मॉरिशियन पोराला खुणावेलच असे नाही. समृद्धी हा फुटबॉलचा मित्र नसतो, हे इथे कबूल करावे लागते. आफ्रिकेतल्या सुस्थितीतल्या देशांत गणना होणाऱ्या मॉरिशसला त्याची किंमत मैदानावर मोजावी लागते.

तरीही लहान असणे हे कारण पुढे करता येत नाही, हे 2026च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीने मॉरिशसला फार जवळून दाखवले. गटात कॅमेरून, अंगोला, लिबिया आणि इस्वातिनी होते, आणि केप व्हर्डेही. केप व्हर्डे अटलांटिकमधला द्वीपसमूह, लोकसंख्या सव्वापाच लाखांच्या आसपास, म्हणजे मॉरिशसच्या निम्म्याहूनही कमी. तोही पूर्वीची वसाहत, तोही निर्जन बेटांवर गुलाम आणून वसवलेला, तोही मिश्र वंशाचा आणि आपल्या क्रिओल भाषेत बोलणारा. त्यांनीही जगभरातून माणसे गोळा केली. डब्लिनमध्ये जन्मलेल्या रॉबेर्तो लोपेस या बचावपटूला तर प्रशिक्षकांनी लिंक्डइनवर निरोप पाठवला, आणि तो त्याने आधी जाहिरात समजून सोडून दिला होता. मॉरिशसने अंगोलाला 0-0 असे रोखले, इस्वातिनीला 2-1 हरवले, पण केप व्हर्डेपुढे दोन्ही वेळा मान टाकली. 2025च्या मार्चमध्ये 0-1 आणि सप्टेंबरमध्ये घरच्या मैदानावर 0-2. त्यानंतर महिनाभराने, 13 ऑक्टोबरला, केप व्हर्डेने इस्वातिनीला 3-0 हरवून इतिहासात प्रथमच विश्वचषकाचे तिकीट काढले. गटात मॉरिशसच्या खाली होता तो फक्त इस्वातिनी.